मढ्याच्या तोंडी 'आई गं'

शेजाऱ्याला 'हो' म्हणताना आपण कशाला हो म्हणतोय, एवढं तरी माणसाने विचारून घ्यावं. मी घेतलं नाही. खालच्या मजल्यावरचे रेकॉर्डिस्ट जिन्यात भेटले, म्हणाले, "तुमच्या आवाजाचं जरा काम होतं," आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत मी हो म्हणून मोकळा झालो. (माझ्या आवाजाचं कुणाला काम आहे, हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होतो. घरात माझा आवाज लागतो तो 'टॉवेल कुठंय' एवढ्यापुरता.)

हे रेकॉर्डिस्ट एका डबिंग स्टुडिओत कामाला आहेत. परभाषेतले सिनेमे मराठीत बोलते करायचे, हा त्यांचा धंदा. मला वाटलं, एखाद्या न्यायाधीशाचा आवाज हवा असेल. गेला बाजार एखाद्या बँक मॅनेजरचा. मी घसा खाकरून कुणाचा आवाज म्हणून विचारलं, तर ते जरा संकोचले. म्हणाले, सकाळी बाथरूममध्ये बादली उचलताना तुम्ही जो आवाज काढता ना, तो झरोक्यातून आमच्याकडे स्पष्ट येतो. तो हवाय. झोंबीसाठी.

दुसरा कुणी असता तर तिथल्या तिथे अपमान वाटून घरी गेला असता. मीही तयारीत होतो. पण त्यांनी सिनेमाचं नाव सांगितलं आणि मी कठड्याला धरून उभाच राहिलो. तो आमच्या गेमवरून काढलेला सिनेमा होता.

'आमच्या' म्हणजे माझ्या आणि लेकीच्या. लेक बारावी होऊन रिकामी झाली त्या सुट्टीत तिने तो व्हिडिओ गेम आणला होता. मेलेली माणसं उठून चालायला लागतात आणि एक मुलगी बंदूक घेऊन ओसाड शहरातून वाट काढते, एवढीच त्याची गोष्ट. घरात आम्ही त्याला 'मढ्यांचा गेम' म्हणायचो. (नाव माझंच. मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खात्यात कारकून आहे, मृत्यूच्या खिडकीवर. एकदा गेलेला माणूस परत येत नाही, या एका भरवशावर आमचं खातं चाललंय. त्यामुळे त्या गेममधला सगळाच प्रकार मला पहिल्यापासून बेकायदेशीर वाटत आलेला आहे.) लेक सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात मांडी ठोकून खेळायची आणि मी शेजारी पेपर धरून बसायचो. कुठल्या बटणाने काय होतं, मला ओ की ठो कळत नव्हतं. पण पाठीमागून मढं आलं की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका लुकलुकायचा. समोरच्यांना झोडपण्याच्या नादात ती तिकडे बघायची नाही. मी बघायचो. ठिपका दिसला की 'मागे' म्हणायचं, एवढंच माझं काम. ते मी तिचं कॉलेज संपेपर्यंत इमानेइतबारे केलं. ऑफिसातलं कुठलंही काम मी इतक्या तत्परतेने केल्याचं आमच्या साहेबांना आठवणार नाही.

मग तिला नोकरी लागली, ती पार लांबच्या शहरात. गेमचा तो डबा उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात गेला, आणि लेक फोनमध्ये गेली. रविवारी तिचा फोन यायचा तो आईला. मायलेकींचं बोलणं मनसोक्त व्हायचं, आणि सगळं संपत आलं की बायको म्हणायची, "घे, बाबांशी बोल." म्हणजे माझ्या वाट्याला फोनची शेपटी. मी विचारायचो, जेवलीस का. ती म्हणायची, हो. मी विचारायचो, बरी आहेस ना. ती म्हणायची, "हो. बाबा, ठेवते हां, कॉल आहे." कॉलवर असताना कॉल आहे म्हणून कॉल ठेवायचा, हे या नव्या नोकऱ्यांमध्येच शक्य आहे.

मला ती हवी होती, दुसरं काही नाही. रविवारपुरती नको, आणि माझी चौकशी करायलाही नको. नुसती घरात हवी होती, सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात, माझ्याकडे अजिबात लक्ष न देता बसलेली.

तेव्हा जिन्यातल्या जिन्यात माझं सगळं ठरलं. सिनेमा लागला की ती तो बघणारच. फक्त मराठीतून बघ म्हणून गळ घालायची. अंधारात बसलेली असताना तिच्या कानावर तिच्या बापाचं ओरडणं पडेल. ती ओळखेल. आणि मग फोन करेल, आईला नाही, मला. निदान एकदा फोनचं तोंड माझ्या बाजूला येईल. रेकॉर्डिस्ट म्हणालेच होते की सिनेमा लागेपर्यंत बाहेर कुठे बोलू नका, म्हणून बायकोलाही सांगितलं नाही. (तिने विचारलं असतं, "तुम्हाला अभिनय करायची काय गरज, आहात तसे उभे राहा." मी मनातल्या मनात तिच्या वतीने बोलून मोकळा झालो.)

स्टुडिओत मला एका काळोख्या खोलीत उभं केलं. कानावर हेडफोन, तोंडासमोर माइक आणि पुढे पडद्यावर सिनेमा. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि त्यांच्या शेजारी सगळ्या आवाजांवर देखरेख करणाऱ्या एक बाई. सुरुवातीला मला गर्दीतलं मढं दिलं. नुसतं चालायचं आणि घशातून घरघर काढायची. हे मला सहज जमलं, कारण दुपारी जेवण झाल्यावर खिडकीवर माझी तीच अवस्था असते. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही नॅचरल आहात."

तिथेच थांबलो असतो तर ही गोष्ट झालीच नसती. पण बाईंनी खूश होऊन मला स्वतंत्र मढं दिलं. पडद्यावर ते एका मॉलमधल्या सरकत्या जिन्याच्या वर उभं होतं. इन केलेला शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, एका पायात बूट. आमच्याच खात्यातलं कुणीतरी वाटावं असं. नायिका त्याच्या डोक्यात आग विझवायचं लाल नळकांडं घालते आणि ते जिन्यावरून गडगडत खाली येतं, असा प्रसंग. मी छाती भरून घेतली. नळकांडं बसलं. मी ओरडलो, "आऽऽई गं."

काचेपलीकडे दोघंही माझ्याकडे बघत राहिले. बाई शांतपणे म्हणाल्या की 'आई गं' नको, नुसतं 'आऽऽ' द्या. मी म्हटलं, हो हो, चुकून गेलं. परत चित्र फिरलं, परत नळकांडं, परत आई गं. तिसऱ्या खेपेला मी दात घट्ट आवळून धरले, तर नाकातून आई गं आलं. तुम्हीच सांगा, ठेच लागली, पाठीत उसण भरली, बोट दारात सापडलं, तर माणूस दुसरं काय म्हणतो? जन्मापासून जिभेला तेच वळण. मी तसं बाईंना समजावून सांगायला गेलो.

"काका," त्या म्हणाल्या, "तो मेलाय. मेलेल्या माणसाला आई आठवत नाही."

मृत्यूच्या खिडकीवर इतकी वर्षं बसूनही हा मुद्दा माझ्यासमोर कधी आला नव्हता. शेवटी पुढच्या आठवड्यात परत यायचं ठरलं. तोवर घरी सराव करा, म्हणाल्या. फक्त 'आऽऽ'. आईशिवाय.

मी सराव सुरू केला. घरात जागा एकच, बाथरूम. आत गेलो, कडी लावली, नळ सोडला आणि स्वतःला चिमटा काढून ओरडून बघितलं. आई गं. गुडघा बादलीवर आपटून बघितला. आई गं. तिसऱ्यांदा खरोखरच साबणावरून पाय घसरला, तेव्हा 'आई गं'च्या पुढेमागे आणखीही बरंच काही आलं. बाहेर बायको दार वाजवत होती. मी दार उघडलं तर तिने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "काय होतंय?"

"कुठे काय. काही नाही."

"मग ओरडत का होतात?"

"ओरडत नव्हतो. गुणगुणत होतो."

ती काही बोलली नाही. माझी बायको काही बोलत नाही तेव्हा काय होतं, याचा मला चांगला अनुभव आहे. संध्याकाळी मला डॉक्टरांसमोर बसवलेलं होतं. डॉक्टरांनी कुठे दुखतं विचारलं. मी म्हटलं, कुठेच नाही. मग ओरडता कशाला? मी म्हटलं, आवाज आपोआप सुटतो. त्यांनी छाती तपासली, पोट दाबलं, गुडघ्यावर हातोडी मारली. हातोडी लागताच मी जातिवंत आई गं काढलं आणि डॉक्टरांनी बायकोकडे अर्थपूर्ण नजरेने बघितलं. (आता वाटतं, त्या नजरेत अर्थ वगैरे काही नसावा. त्यांना पुढचा पेशंट घ्यायचा असावा.) त्या दिवसापासून माझ्या ताटातलं मीठ गेलं. मिळमिळीत सूप, गरम पाण्याची पिशवी, एक भयंकर कडू औषध आणि सकाळी गच्चीवर फेऱ्या. मी निमूटपणे सगळं सोसलं. लेकीसाठी बाप काय काय करतो, असं मनाशी म्हणत सूप प्यायचो आणि डोळ्यांत पाणी यायचं. ते सुपाच्या चवीनेही येत असेल.

ऑफिसात जरा मोकळं होता येईल म्हणून एकदा खिडकीच्या काचेआड हळूच घरघर काढून बघितली. रांगेत सगळ्यांत पुढे एक गृहस्थ मामाचा मृत्यूचा दाखला न्यायला आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वरच्या 'मृत्यू' या पाटीकडे पाहिलं आणि मागच्याला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." तो मागचाही पुढे होईना. शिपायाने येऊन विचारलं, "भाऊसाहेब, जन्माच्या खिडकीवर बसता का थोडे दिवस?"

आणि या सगळ्या धामधुमीत भलतंच घडलं. मधल्याच वारी, ऐन कामाच्या वेळी माझा फोन वाजला. लेकीचा. माझ्या फोनवर, माझ्यासाठी.

"बाबा, कसा आहेस?"

मला वाटलं, नंबर चुकला. मी म्हटलं, आईला देऊ का, पण मी ऑफिसात आहे. ती म्हणाली, नाही, तुझ्याशीच बोलायचंय. जेवलास का, झोप लागते का, दमल्यासारखं होतं का. माझेच प्रश्न उलटे माझ्याकडे येत होते, आणि कॉल कुठेही येत नव्हता. दुसऱ्या दिवशी परत फोन. तिसऱ्या दिवशी परत. मी हवेत. पोरीला माझी आठवण येतेय, आपण उगीच तिला बोल लावत होतो, असं म्हणून मी सूप मागून घेतलं.

मग एका संध्याकाळी मी गच्चीवरून खाली येत होतो आणि दार लोटलेलं होतं. आत बायको फोनवर बोलत होती. "सांगत नाहीत गं काही. पण ओरडतात. अगदी कळवळून. आजही ओरडले." मी दाराबाहेर चप्पल काढायची विसरून तसाच उभा राहिलो. म्हणजे आठवणबिठवण काही नव्हती, ते बाथरूममधलं आई गं होतं.

प्रामाणिक माणसाने तिथेच आत जाऊन सगळं सांगून टाकलं असतं. मीही दार ढकललं, तोंड उघडलं. तेवढ्यात बायकोने फोन पुढे केला. "घे, बाबा आले." आणि पलीकडून लेक म्हणाली, "बाबा, खरं सांग, खूप दुखतं का रे?"

असं तिने यापूर्वी कधी विचारलं होतं, मला आठवेना. मी म्हटलं, "नाही गं, एवढं काही नाही." आता 'एवढं काही नाही' याचा अर्थ मराठीत काय होतो, ते तुम्हाला माहीत आहे. खोटं मी एक अक्षर बोललो नाही. पण आवाज थोडा पाडला.

पुढच्या आठवड्यात स्टुडिओतलं काम संपलं. मढ्याला शेवटपर्यंत आईशिवाय पडता आलं नाही. बाईंनी हात टेकले आणि म्हणाल्या, राहू दे, मागचा 'ई गं' कापून घेऊ. माझं काम तिथे संपायला हवं होतं. पण मी घरी येऊन ओरडतच राहिलो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, औषधासारखं. कारण ओरडलो की बायको फोन करायची आणि बायकोने फोन केला की लेकीचा यायचा. एक दिवस कंटाळा करून ओरडलो नाही, तर त्या दिवशी फोन आला नाही. मग मी कंटाळा सोडला. मनाला लागत होतं, नाही असं नाही. बायको बिचारी पिशवीत गरम पाणी भरून आणायची तेव्हा तिच्या तोंडाकडे बघवत नसे. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू.

आणि एक दिवस लेक दारात उभी. खांद्याला बॅग, डोळे सुजलेले. रजा काढून आली होती. माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता मला मिठीच मारली. तिच्या केसांना प्रवासाच्या धुळीचा वास होता. मला इतका आनंद झाला की माझं मलाच कळेना, आता हसावं की ओरडावं. बायकोने मागून माझ्या पाठीला बोट लावलं, आणि मी सवयीने ओरडलो.

तिने मला सोफ्यावर बसवलं आणि स्वतः डाव्या कोपऱ्यात बसली. तिथला खळगा अजून तिच्या मापाचा होता. मी डोळे अर्धवट मिटून पडून राहिलो. ती मोबाइलमध्ये बघत होती, माझ्याकडे लक्षही नव्हतं. मला हवं होतं ते अगदी हेच, आणि ते मी ढोंग करून मिळवलं होतं. सांगितलं असतं तर ती उठली असती. मी नाही सांगितलं.

सिनेमा त्याच आठवड्यात लागला. लेकच म्हणाली, "बाबा, आपला गेम आलाय. दुपारचा शो आहे. तुला बसवेल का रे तेवढा वेळ?" मी म्हटलं, बसेन कसाबसा. मराठीतलाच बघू असं सुचवायला गेलो, तर बायकोने तिकिटं मराठीचीच काढली होती. बाईंनी 'ई गं' कापलेलं होतं, तेव्हा धोका काही नव्हता. नुसत्या 'आऽऽ'वरून कोण कुणाला ओळखणार? म्हणजे ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला, ते तिने ओळखू नये म्हणून मी आता मनातल्या मनात प्रार्थना करत होतो.

आम्ही बसलो. मी मध्ये, डावीकडे लेक, उजवीकडे बायको, माझ्या पाठीशी घरून आणलेली उशी. दिवे गेले. तीच ओसाड गल्ली, तीच बंद दुकानं. नायिका तळघरात उतरली तशी लेक पुढे सरकून बसली. मला ती जागा पाठ होती. लेकीने माझ्याकडे न बघता माझं मनगट धरलं आणि कुजबुजली, "बाबा, कोपरा बघतोयस ना?"

सिनेमात लाल ठिपका नसतो. पण मला दिसला. मी म्हटलं, "मागे." आणि त्याच क्षणी मागच्या दाराआडून मढं बाहेर आलं. सगळं थिएटर दचकलं. आम्ही दोघं दचकलो नाही. तिने मनगट सोडलंही नाही. मला तिथे, त्या वेळी, दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

मग नायिका मॉलमध्ये शिरली.

सरकता जिना दिसला तसा मी खुर्चीत खाली सरकलो. वर तो उभा, शर्ट इन केलेला, एकच बूट. नायिकेने नळकांडं उचललं. पुढे काय झालं ते मी सांगायची गरज नाही. थिएटरच्या चारी भिंतींतून, छतातून आणि खुर्च्यांखालून माझा आवाज आला, "आऽऽई गं." बाई कापायचं विसरल्या होत्या, की त्यांनी मुद्दामच ठेवलं होतं, देव जाणे. एवढं मोठं मढं आईला हाक मारत जिन्यावरून गडगडत खाली आलं, आणि सगळं थिएटर हसून लोळलं. ते खाली पडून राहिलं तेव्हा मात्र आमच्या मागच्या रांगेतून कुणी बाई हळूच म्हणाल्या, "बिचारा."

माझ्या मनगटावरचा हात गेला होता.

पडद्यावर 'मध्यंतर' आलं आणि दिवे लागले. असे लखलखीत दिवे मी त्या थिएटरात कधी पाहिले नव्हते. लेक उठून बाहेर गेली. मी मागोमाग धावलो. (उशी बगलेत. धावताना पाठ अजिबात दुखत नव्हती, हेही तिने पाहिलं.) लॉबीत ती खांबाला टेकून उभी होती.

"तो तू होतास," ती म्हणाली. "घरचंही तेच होतं."

मी मान हलवली.

"मी वाटभर रडत आलेय, बाबा. मला वाटलं, तू…" तिला ते वाक्य पुरं करता आलं नाही.

मी म्हटलं, आधी खरंच सराव होता. तुला ओळखू यावं म्हणून करत होतो. मग तुझे फोन यायला लागले आणि मला ते थांबवता येईनात. रोज सांगणार होतो. पण सांगितलं की तुझा फोन परत रविवारवर जाणार, आणि मला परत जेवलीस का एवढंच विचारायला मिळणार. "मला तुझी फार आठवण येते गं," मी म्हटलं, "आणि ते कसं सांगतात मला माहीत नाही. म्हणून ओरडलो."

तेवढ्यात बायको हातात पॉपकॉर्नचे पुडे घेऊन आली, एक लेकीच्या हातात दिला आणि मला म्हणाली, "आवाज बरा आलाय. शेवटी जरा जास्त ओढलात."

लेक आणि मी एकदम तिच्याकडे वळलो. लेकीने विचारलं, "आई, तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. खाली राहतात ना ते, त्यांच्या बायकोने सांगितलं जिन्यात."

"आणि तरी मला फोन करून…"

"मग काय करू?" बायको म्हणाली. ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती, पण पॉपकॉर्न खात नव्हती. "दर रविवारी तुला सांगत होते, मी बरी आहे, बाबा बरे आहेत. आलीस का? आईबाप बरे आहेत म्हणून कोण रजा काढतं?"

लॉबीत पॉपकॉर्नचं यंत्र फुटफुट आवाज करत होतं. लेक आईकडे बघत होती, मग माझ्याकडे बघितलं, माझ्या बगलेतल्या उशीकडे बघितलं. आणि ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली आणि दोन्ही एकदम करत आईच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. मलाही त्यात सामील व्हायचं होतं, पण माझ्या डोक्यात तेव्हा दुसराच उजेड पडत होता.

"अगं," मी बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं, तर मग ते बिनमिठाचं सूप?"

"ते मला सांगितलं नाहीत म्हणून," ती म्हणाली.

उरलेला सिनेमा आम्ही बघितला. नायिका वाचली. घरी आल्यावर लेकीने कपाटातून अभ्रा काढला, डबा पुसला, वायरी जोडल्या, आणि रजा संपेपर्यंत घरात मढी पडत होती. ती डाव्या कोपऱ्यात, मी शेजारी पेपर धरून. ठिपका आला की मागे. या खेपेला बायकोही पलीकडे येऊन बसायची आणि मढं माझ्याआधी तिला दिसायचं, पण ती बोलायची नाही, मला बोलू द्यायची. निघायच्या दिवशी लेक म्हणाली, येईन मी लवकर, कुणी न ओरडता. मी डबा परत अभ्र्यात गुंडाळला, पण कपाटात नाही ठेवला, सोफ्याखाली ठेवला.

आणि मग परवा तो डबा सोफ्याखालून काढून जरा पुसून घ्यावा म्हणून वाकलो, तर पाठीत काहीतरी कडकन झालं. सराव नव्हे, खरंखुरं. मी जमिनीवर आडवा. सगळा जीव एकवटून 'आई गं' म्हणालो. आतून बायकोचा आवाज आला, "पुरे आता, सिनेमा उतरलासुद्धा."

खिशात फोन होता. कसाबसा काढून लेकीला लावला. तिने पहिल्या रिंगलाच उचलला आणि मागे सगळं ऑफिस खिदळताना ऐकू आलं. जायच्या आधी परत एकदा सिनेमाला जाऊन रेकॉर्ड केलेला माझा आवाज तिने माझ्या नंबरला रिंगटोन म्हणून लावलाय. मी फोन केला की तिच्या टेबलावर एक मढं आईला हाक मारतं आणि सगळ्यांना कळतं, हिच्या बाबांचा फोन.

मी म्हटलं, "बाळा, पाठ गेली गं. खरंच गेली. आई गं."

"थांब थांब, बाबा," ती म्हणाली. किती दिवसांनी इतकी खुशीत होती. "यांना खरं वाटत नाही की तो तूच आहेस. स्पीकरवर टाकते. परत एकदा कर ना."

मी जमिनीवर पडल्या पडल्या परत एकदा केलं. पलीकडे टाळ्या पडल्या. मग तिच्या साहेबांना ऐकायचं होतं म्हणून आणखी एकदा केलं. तिला कुठलाही कॉल आलेला नव्हता, आणि फोन ठेवायची कुणालाच घाई नव्हती, म्हणून मीही पडून राहिलो. एवढ्यात बायको धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आली, माझ्याकडे बघून थांबली आणि म्हणाली, "पाय जरा आत घ्या, मला पलीकडे जायचंय."